रात्रीच्या भुंग्याची दृष्टी

धाराशिवकडील जुन्या माळवदाच्या घरात ज्यांचे बालपण गेले, त्यांना भुंग्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. तुळईला वाटोळे भोक पाडून खाली भुसा सांडणारा हा काळा कारागीर साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. कोरडे लाकूड पोखरणारा, पण कोवळ्या कळीत अडकून पडणारा भ्रमर ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात दृष्टांतासाठी आला आहे. सूर्य मावळला की भ्रमराचा दिवस संपला, ही आपली जुनी समजूत. निदान एका जातीपुरती ती खरी नाही, हे भीमाशंकरच्या रानात सिद्ध झाले. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

तिचा आरंभ मात्र दूर युरोपात होतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी म्यूनिकचे नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस यांनी मासे व कीटक रंगांध असतात असे प्रतिपादन केले होते. कार्ल फॉन फ्रिश या तरुण प्राणिशास्त्रज्ञास ते पटेना. फुलांनी रंग ल्यावेत आणि ज्यांच्यासाठी ल्यावेत त्यांनाच ते दिसू नयेत, हे कसे? त्यांनी निळ्या कागदावर साखरेचे पाणी ठेवून मधमाश्यांना त्याची सवय लावली. मग नाना छटांच्या करड्या कागदांत एक कोरा निळा कागद मांडला. माश्या निळ्यावरच उतरल्या. त्या रंगांध असत्या, तर तितक्याच उजळ अशा एखाद्या करड्या कागदाने त्यांना खचित फसविले असते. १९१४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. १९७३ साली फॉन फ्रिश नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

परंतु हा झाला दिवसाचा न्याय. रात्रीचे काय? मंद उजेडात आपल्या डोळ्यातील रंग जाणणाऱ्या पेशी निकामी होतात आणि साऱ्या वस्तू करड्या दिसू लागतात. मधमाशीचा डोळा तर सहस्रावधी सूक्ष्म नेत्रकांचा बनलेला असून प्रत्येक नेत्रक केवळ स्वतःच्या भिंगातून येईल तेवढाच प्रकाश घेतो. ही रचना उन्हाची. निशाचर पतंगांच्या डोळ्यात अनेक भिंगांचा प्रकाश एकत्र होतो. म्हणून असा एक पतंग ताऱ्यांच्या उजेडात रंग ओळखतो असे २००२ साली दिसून आले, तेव्हा त्यास निदान डोळ्याच्या रचनेचा आधार होता. भुंग्यास तो नाही, कारण त्याचा डोळा मधमाशीच्याच घडणीचा.

आता भीमाशंकरला येऊ. तेथे वारस नावाचा वृक्ष आहे. त्याची पांढरी फुले रात्री उमलतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकारी हेमा सोमनाथन यांनी २००१ साली दाखवून दिले की, या फुलांचे परागण रात्री येणारा एक भुंगा करतो. रात्र जागून फुलाशी बसल्यावाचून असली गोष्ट हाती लागत नाही.

याच रानात भुंग्याची दुसरी एक जात आहे. झायलोकोपा ट्रँक्वेबारिका हे तिचे शास्त्रीय नाव. हा भुंगा चंद्र नसलेल्या रात्रीही उडतो. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे एरिक वॉरंट व आल्मुट केल्बर यांच्यासह या दोघींनी त्याची परीक्षा घेतली. घर सोडताना भुंगा आसपासच्या खुणा ध्यानात ठेवतो, हे सूत्र धरून त्यांनी घरट्यापाशी रंगीत खुणा मांडल्या. जेथे मनुष्याच्या डोळ्यास रंगाचा मागमूस लागत नाही, अशा ताऱ्यांच्या उजेडात भुंग्याने आपल्या खुणेचा रंग ओळखला! २००८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फॉन फ्रिश यांनी उन्हात विचारलेला प्रश्न जणू अंधारात पुन्हा विचारला गेला, आणि उत्तर तेच आले.

हे साधते कसे? दिवसा उडणाऱ्या भाऊबंदांशी ताडून पाहता या भुंग्याची भिंगे मोठी, प्रकाश शोषणारे दंड रुंद आणि कपाळावरील तीन साधे डोळेही मोठे आढळले. तथापि एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. म्हणून शेजारच्या नेत्रकांतून व लागोपाठच्या क्षणांतून आलेल्या संवेदनांची बेरीज मेंदू करीत असावा, असा तर्क आहे. हेमा सोमनाथन यांनी पुढे तिरुअनंतपुरमच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत कीटकांविषयीचे संशोधन चालू ठेवले.

फॉन हेस विद्वान होते. परंतु माश्यांस काय दिसते याविषयी त्यांचे अनुमान चुकले. रात्र रंगहीन असते असे म्हणताना आपणही चुकतच होतो, कारण रात्र आपण आपल्याच डोळ्याने मोजीत होतो. आज डोंगरापर्यंत दिवे पोहोचत आहेत. उजेड करणे हे निःसंशय पुण्यकर्म होय. मात्र ज्याला आपण अंधार म्हणून घालवितो, तो कोणाचा तरी उजेड असू शकेल, एवढे भान ठेवावे. आणि वठलेले झाड तोडण्यापूर्वी त्यातील वाटोळे भोक एकदा पाहून घ्यावे.