बर्फातलं घर एवढं स्वस्त का झालं?

मंडळी, गेल्या काही महिन्यांत एकाच धाटणीचं रील मला बऱ्याच जणांनी पाठवलं. जपानमधलं जुनं लाकडी घर, जाडजूड तुळया, मागं डोंगर, पुढं भातखाचरं आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘एका गाडीच्या किमतीत घर!’ खाली आपल्याच पोरांच्या कमेंट: ‘चला रे, पुणं सोडू.’ एकानं तर मला थेट विचारलं, ‘दादा, हे खरं असतं का?’

किंमत खरी असते. परदेशी माणसाला तिथं घर-जमीन विकत घेता येते, हेही खरं. (घर घेतलं म्हणून राहायचा व्हिसा मात्र मिळत नाही, हे रीलवाला सांगत नाही.) पण ही रीलं बहुतेक उन्हाळ्यातली असतात. त्याच घराचा जानेवारी कुणी दाखवत नाही. मी जपानला गेलेलो नाही, पण हा विषय बरेच दिवस वाचतोय. किंमत एवढी का पडली, त्यामागं शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो थोडक्यात सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी बर्फाचं गणित. हिवाळ्यात सैबेरियाकडून थंड वारे सुटतात. वाटेत जपानचा समुद्र लागतो, त्यातलं पाणी मानानं कोमट. वारे तिथली वाफ उचलतात आणि जपानच्या मधल्या डोंगररांगेवर आपटतात. आपला सह्याद्री पाऊस अडवतो ना, तसं ते डोंगर बर्फ अडवतात. अलीकडं निगाता, तोयामा, गिफूचा डोंगराळ भाग, यामागाता, आकिता इथं माणसाच्या दुप्पट उंचीचे थर. पलीकडं तोक्योत कोरडी हवा आणि स्वच्छ ऊन. एकाच देशाचे दोन हिवाळे. जपानचा निम्मा भूभाग आज कायद्यानं ‘अतिबर्फाचा प्रदेश’ आहे.

तोक्योचं नाव एदो होतं, तेव्हाही हा फरक होता. शिओझावा गावातल्या सुझुकी बोकुशी नावाच्या व्यापाऱ्यानं आपल्या भागातल्या बर्फावर ‘होकुएत्सु सेप्पु’ हे पुस्तकच लिहिलं, ते १८३७ पासून छापून येऊ लागलं. उबदार मुलखातली माणसं बर्फ पडलं की मौज करतात, आमच्याकडं मात्र बर्फ म्हणजे कष्ट, हा त्याचा सूर. छपरावरचं बर्फ काढायला तिकडचे लोक ‘झाडणं’ म्हणत नाहीत, ‘खणणं’ म्हणतात, अशी नोंद त्यानं केलीय. म्हणजे रील बघणारा आणि त्या घरात राहणारा यांच्यातलं अंतर नवं नाही.

आता घर बघू. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे गिफूमधल्या शिराकावा-गोची गास्शो पद्धतीची घरं. गास्शो म्हणजे जोडलेले हात, आपला नमस्कार. छप्पर तसंच उभट, साधारण ६० अंशांचं, म्हणजे बर्फ फार साचून राहत नाही. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही. दोरानं आणि ओल्या लवचीक फांद्यांनी बांधणी. वरच्या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळायचे. खाली मधोमध चूल, तिला इरोरी म्हणतात. तिचा धूर वर चढून गवताला आणि लाकडाला लागायचा, त्यामुळं कीड लागायची नाही, ओल धरायची नाही. काळ्याभोर तुळया बघून आपण ‘वा!’ म्हणतो, तो रंग पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलीचा आहे. आणि म्हणूनच असं घर बंद ठेवलं की लवकर कुजतं. त्याला आत माणूस लागतो, विस्तव लागतो.

छप्पर गवताचं, तीस-चाळीस वर्षांनी बदलावं लागतं. आपल्याकडं त्याला शाकारणी म्हणतात. एका मोठ्या घराच्या छपराची एक बाजू शाकारायला शे-दोनशे माणसं लागतात आणि काम एक-दोन दिवसांत उरकावं लागतं, कारण छप्पर उघडं पडलेलं असतं. एवढे मजूर पैसे देऊन आणणं शेतकऱ्याला कुठून परवडणार? त्यावर त्यांच्याकडं ‘युई’ होती. आज माझ्या घरी गाव येणार, उद्या तुझ्या घरी मी येणार. कुणी किती दिवस काम केलं, कुणी किती गवत दिलं याचा हिशेब राहायचा. आपल्या जुन्या माणसांना यात काही नवल वाटणार नाही. आपली इर्जिक किंवा सावड दुसरं काय होती? गवतासाठीही गावाची राखीव रानं असायची.

माझ्या मते सगळ्या इतिहासाची किल्ली इथं आहे. घर कागदावर एकाचं होतं, पण ते उभं ठेवायला अख्खा गाव लागायचा. गाव मोडला की घर पडणार, हे ठरलेलंच होतं.

गाव मोडला तो मुख्यत्वे १९५० ते १९७० च्या काळात. देशात कारखाने वाढले, तोक्योत १९६४ च्या ऑलिंपिकची बांधकामं निघाली. बर्फाळ भागातले शेतकरी हिवाळ्यात शहरात मजुरीला जायचे, त्याला ‘देकासेगी’ म्हणतात. घरी म्हातारी माणसं, बायका आणि पोरं. छपरावरचं बर्फ त्यांच्या वाट्याला. पुढं हंगामी गेलेले कायमचे राहिले. शोगावा नदीवर मिबोरोचं मोठं धरण झालं, १९६१ साली. वरच्या अंगाच्या वाड्या पाण्याखाली गेल्या. धरणानं गाव उठणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१९६२ साली सरकारनं अतिबर्फाच्या प्रदेशासाठी खास कायदा केला आणि पुढच्याच जानेवारीत निसर्गानं परीक्षा घेतली. १९६३ च्या त्या हिमवृष्टीत नागाओका शहरात ३१८ सेंटीमीटर बर्फ साचलं. रेल्वे बंद, रस्ते बंद. २२८ माणसं गेली, ३ बेपत्ता. त्यानंतर डोंगरातल्या कित्येक वाड्यांनी सामानसुमान बांधलं. शिराकावातली काझुरा ही वाडी १९६७ साली सगळी मिळून उठली. तिथली काही घरं हलवून पुढं संग्रहालयात उभी केली. घरं वाचली, गाव गेलं.

याच निगाताचा पुढारी म्हणजे काकुएई तानाका. जन्म १९१८, पंतप्रधान १९७२ ते ७४. डोंगरच सपाट करून टाकू, मग एचिगोत, म्हणजे आपल्या निगातात, बर्फ पडणार नाही, असं तो सुरुवातीच्या प्रचारसभांत म्हणायचा, अशी आठवण सांगतात. डोंगर काही हलला नाही, पण रस्ते, बोगदे आले. जोएत्सु शिंकान्सेन १९८२ ला सुरू झाली, द्रुतगती महामार्ग १९८५ ला पुरा झाला. रस्त्यावर जमिनीतलं पाणी फवारून बर्फ वितळवायचे नळ बसले. लोकांचं जगणं सोपं झालं, यात वाद नाही. दवाखाना जवळ आला, पोरं शाळेत पोचू लागली. पण ज्या रस्त्यानं शहर गावाजवळ आलं, त्याच रस्त्यानं गावचा तरुण शहरात गेला. रस्त्यावरचं बर्फ सरकारनं काढलं, छपरावरचं मात्र घरमालकाच्याच गळ्यात राहिलं.

ते किती असतं बघा. अशा भागात बांधकामाच्या हिशेबात एक चौरस मीटरवर एक सेंटीमीटर बर्फाचा भार साधारण तीन किलो धरतात. म्हणजे शंभर चौरस मीटर छपरावर एक मीटर बर्फ साचलं तर तीस टन. भरलेले तीन मोठे ट्रक तुमच्या घराच्या डोक्यावर! एका हिवाळ्यात ते अनेकदा उतरवावं लागतं. या कामाला ‘युकिओरोशी’ म्हणतात. २००५-०६ च्या हिवाळ्यात जपानमध्ये बर्फामुळं १५२ माणसं मेली, त्यातली बहुतेक बर्फ काढताना, आणि निम्म्याहून जास्त पासष्टीच्या पुढची. हिमवादळात सापडून नव्हे, स्वतःच्या छपरावरून घसरून, नाहीतर छपरावरून सुटलेल्या ढिगाखाली सापडून. ज्या कामाला आधी गावातली तरणी पोरं होती, तिथं पंचाहत्तरीचा म्हातारा एकटा फावडं घेऊन चढला. त्या हिवाळ्याची खरी गोष्ट ही आहे.

मग घरं रिकामी होत गेली. अशा रिकाम्या घराला ‘आकिया’ म्हणतात. २०२३ च्या सरकारी पाहणीत जपानभर सुमारे ९० लाख रिकामी घरं निघाली, म्हणजे दर शंभरात जवळपास चौदा. तीस वर्षांपूर्वी हा आकडा ४५ लाखांच्या आसपास होता. यातली साधारण ३८ लाख घरं ना भाड्यासाठी, ना विक्रीसाठी, ना सुट्टीत राहायला. नुसती पडून.

पडून का? एक कारण घरपट्टीचं. जमिनीवर घर उभं असेल तर दोनशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेचं करपात्र मूल्य एक षष्ठांश धरतात. घर पाडलं की सवलत गेली, वर पाडायचा खर्च. मग पाडणार कोण? दुसरं कारण वारस नोंदीचं. आजोबा गेले, नोंद केली नाही. मुलं गेली, नोंद नाही. आता नातवंडं-पतवंडं मिळून वीस हिस्सेदार, अर्धे एकमेकांना ओळखत नाहीत. सातबाऱ्यावर मयताचं नाव तसंच असलेली प्रकरणं आपल्या तालुक्यात थोडी नाहीत. जपाननं उशिरा का होईना, हात घातला. रिकाम्या घरांचा कायदा २०१५ मध्ये लागू झाला. धोकादायक घराची करसवलत काढता येऊ लागली. २०२३ च्या दुरुस्तीनं नीट न राखलेली घरंही त्या कक्षेत आली. आणि १ एप्रिल २०२४ पासून वारस नोंद तीन वर्षांत करणं सक्तीचं आहे, नाहीतर एक लाख येनपर्यंत दंड.

आता त्या पोरांच्या प्रश्नाकडं येतो. घेणारा नक्की काय विकत घेतो? लाकूड आणि जमीन तर घेतोच, पण सोबत गावाची न झालेली कामंही घेतो. हिवाळ्याआधी खिडक्यांना फळ्या ठोकायच्या. कडाक्याच्या रात्री नळातलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर पाइप फुटतो. रॉकेलचा साठा भरायचा. छपरावरचं बर्फ खालच्या ढिगाला भिडलं की ढीग बसताना वळचण ओढून मोडतो, म्हणून ते आधीच तोडायचं. तुमच्या छपरावरचं बर्फ शेजाऱ्यावर कोसळलं तर जबाबदारी तुमची. गवतावर पत्रा मारलेला असेल तर खाली काय कुजलंय ते कळत नाही. भूकंपाचे आजचे नियम १९८१ चे, घर त्याआधीचं. आणि डिसेंबरात घराला कुलूप लावून मार्चमध्ये परत येऊ म्हणाल, तर घर जागेवर असेलच असं नाही.

हे अशक्य आहे असं नाही. कार्ल बेंग्स या जर्मन वास्तुकारानं १९९० च्या दशकात तोकामाचीजवळच्या ताकेदोकोरो या उठत चाललेल्या वाडीत जुनं घर घेतलं, दुरुस्त केलं. पुढं तिथली आणखी घरं उभी केली आणि नवी माणसं राहायला आली. शिराकावातल्या ओगिमाची गावानं १९७१ सालीच ठरवलं: विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९९५ ला युनेस्कोची मोहोर लागली. पण युनेस्को आधी आलं आणि घरं मग वाचली, असं झालेलं नाही. गावकऱ्यांनी २४ वर्षं आधी एकमेकांना शब्द दिला होता. दोन्हीकडं पैसा लागलाच, पण त्याबरोबर तिथं राहणारी, हाताला हात लावणारी माणसं होती.

म्हणून त्या पोराला मी एवढंच सांगितलं: घर जरूर घे बाबा, पण आधी एक जानेवारी तिथं काढ. शेजारी किती घरांतून धूर निघतो ते मोज. तुझं छप्पर भरलं तर फावडं घेऊन कोण येईल आणि त्याचं भरलं तर तू जाशील का, ते विचार. उत्तर ‘कुणी नाही’ असेल, तर ते घर फुकटातसुद्धा महाग आहे.

तुमच्या वाडीत बारमाही बंद असलेली घरं किती आणि शेवटची इर्जिक कधी झाली होती? आठवत असेल तर कमेंटमध्ये लिहा. मला खरंच वाचायचंय.