तळटीप : जहाजावरचा रहाट, रंगमंचाखालचा रहाट

* जहाज आणि रंगमंच यांची परंपरा सामायिक आहे, हे लेखकाचे विधान छायाचित्रांवर उभे आहे. म्हणून त्या आधाराचे बळ तपासून पाहणे आवश्यक आहे. स्टॉकहोमजवळच्या ड्रॉटनिंगहोम नाट्यगृहात (१७६६) रंगमंचाखाली लाकडी उभा रहाट आहे. माणसे तो फिरवतात आणि दोरांनी जोडलेल्या विंगा एकदम सरकून दृश्य बदलते. पोर्ट्स्मथच्या ‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेवर नांगर उचलायला तसाच रहाट आहे. दोहोंची छायाचित्रे शेजारी ठेवली की नाते उघड वाटते. यावर आक्षेप असा, की असे रहाट गोद्यांतही होते. सारख्या गरजेतून सारखे यंत्र घडते, त्यावरून वारसा ठरत नाही. हा आक्षेप रास्त आहे. रंगमंचाचे दोर पहिल्यांदा खलाशांनीच ओढले, ही लोकप्रिय समजूत केवळ अशा साम्याने सिद्ध होत नाही.

मात्र उलट दिशेचा, म्हणजे नाटक जहाजावर गेल्याचा, पुरावा भक्कम आहे. १८१९च्या हिवाळ्यात विल्यम एडवर्ड पॅरी यांची ‘हेक्ला’ आणि ‘ग्रायपर’ ही जहाजे आर्क्टिकमधील मेलव्हिल बेटापाशी मुक्कामाला होती. दीर्घ ध्रुवीय रात्रीत मनोधैर्य टिकावे म्हणून अधिकाऱ्यांनी ‘हेक्ला’वर नाटके केली. विषुववृत्त ओलांडतानाच्या समारंभांच्या छायाचित्रांतही समुद्रदेव नेपच्यून आणि त्याची राणी झालेले खलाशी दिसतात. त्यामुळे या छायाचित्रांचे खरे मोल यंत्रांच्या साम्यात नाही. कडक शिस्तीत जगणाऱ्या माणसांना सोंगाची, खेळाची किती गरज होती, हे ती दाखवतात आणि लेखकाचे विधान तिथेच खरे ठरते. — संपादक