प्रभातचे तीन बोलपट : नाव सर्वश्रुत, दर्शन दुर्लभ

मराठी बोलपटाचा विषय निघाला की ‘संत तुकाराम’चे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते यथोचितच आहे. १९३६ साली निघालेल्या या चित्रपटाचा पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. परंतु एका तेजस्वी ज्योतीपुढे शेजारच्या समया फिक्या पडाव्यात, तशी त्याच संस्थेच्या काही सामाजिक चित्रपटांची गत झाली आहे. ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ ही नावे पुष्कळांनी ऐकलेली असतात. ते चित्रपट प्रत्यक्ष पाहिलेले मात्र थोडेच भेटतात.

प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली. बाबूराव पेंटर यांच्या तालमीत तयार झालेले शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर आणि त्यांना भांडवलाचे साहाय्य देणारे सराफ सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली. तिचे अनेक बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार होत. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेले वरील तीन चित्रपट पुण्यातच निर्माण झाले.

‘कुंकू’ (१९३७) ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला आहे. मामाने फसवून एका वृद्ध विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मनाने मानीत नाही. ती घर सोडून पळत नाही की नशिबाला दोष देत रडत बसत नाही. त्याच घरात राहून पत्नीपण नाकारते. शांता आपटे यांची नीरा जितकी करारी, तितकेच केशवराव दाते यांचे काकासाहेब जिवंत. ते खलपुरुष नाहीत. आपला अन्याय हळूहळू उमगत जाणारे गृहस्थ आहेत. पार्श्वसंगीत येथे वर्ज्य केलेले असून घरातले आवाजच प्रसंग बोलके करतात. भिंतीवरचे घड्याळ तर वृद्धाला सरत्या आयुष्याची टोचणीच देत राहते.

‘माणूस’ (१९३९) हा त्या काळी गाजत असलेल्या ‘देवदास’च्या निराशावादाला दिलेला जबाब होय. गणपत हा साधा पोलीस शिपाई. मैना ही वेश्यावस्तीत अडकलेली स्त्री. शाहू मोडक व शांता हुबळीकर यांनी त्या भूमिका केल्या आहेत. गणपत मैनेला मानाचे घर देऊ पाहतो, पण तिचा भूतकाळ तिची पाठ सोडीत नाही. प्रेम विफल झाले तरी कर्तव्य उरते, म्हणून जगावे, हा या कथेचा आशय. तो उपदेशाच्या सुरात न सांगता हसत-खेळत सांगितला आहे, हे विशेष.

‘शेजारी’ (१९४१) ची कथा विश्राम बेडेकर यांची. मुस्लिम लीगने लाहोर येथे मार्च १९४० मध्ये आपला ठराव संमत केला, त्यानंतर वर्षभरात हा चित्रपट आला. जिवा पाटील आणि मिर्झा हे एका गावातले जिवलग मित्र. धरण बांधू पाहणारा धनिक स्वार्थापायी त्यांच्यात तेढ निर्माण करतो. दाते यांनी जिवा व गजानन जागीरदार यांनी मिर्झा साकारला. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत तर हिंदू मित्राचे काम मझहर खान या मुसलमान नटाने केले आणि मुसलमान मित्राचे जागीरदारांनी. निवडीनेच अर्धे भाष्य केले आहे!

हे चित्रपट आज पाहावयास मिळतात, हेही भाग्यच म्हटले पाहिजे. मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले. पेंटर यांच्या १९२५ च्या ‘सावकारी पाश’सारखी श्रेष्ठ कृतीही त्या रूपात आज उरलेली नाही. जुनी नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशा साठ्याला आग लागून अनेक जुन्या चित्रपटांच्या फिती भस्मसात झाल्या. आगीपेक्षाही विस्मृती अधिक घातक. कारण ज्याला प्रेक्षकच उरला नाही, ते जपण्याची तळमळ कोणास वाटणार?

मायदेशापासून दूर असलेल्या मराठी कुटुंबांनी एखादी सायंकाळ या चित्रपटांसाठी अवश्य राखून ठेवावी. मुलांच्या कानी त्या काळची रसाळ मराठी पडेल. अमराठी स्नेह्यांसाठी ‘दुनिया न माने’, ‘आदमी’ व ‘पडोसी’ या हिंदी आवृत्त्या आहेतच. विषमविवाह, पतितेचा उद्धार व धर्माधर्मांतील दुरावा हे प्रश्न त्या पिढीने पडद्यावर किती धैर्याने मांडले, हे पाहून आजच्या पिढीलाही आपल्या घराकडे व शेजाराकडे नव्या दृष्टीने पाहावेसे वाटेल.