घोड्याची जबानी

जानेवारी २०१५ च्या अखेरीस अबूधाबीजवळच्या अल वथबा येथे ‘अल रीफ कप’ या लांब पल्ल्याच्या दौडीत ‘स्प्लिटर्स क्रीक बंडी’ नावाच्या घोड्याचे दोन्ही पुढचे पाय मोडले. त्याचे एक छायाचित्र जगभर फिरले. ते दुसऱ्यांदा बघवत नाही. पण या प्रकरणाबद्दल लिहिणाऱ्याला ते बाजूला ठेवता येत नाही. अशा दौडीत पशुवैद्याने आधी पास केल्याशिवाय एकही घोडा सुटत नाही. म्हणजे बंडीवरही ‘लायक’ असा शेरा पडलेला असणार. मग तो शेरा कशाच्या आधारावर पडतो?

दर टप्प्यानंतर घोडा तपासणीला येतो. मोतद्दार त्याच्या अंगावर पाणी ओतत असतात. ठरलेल्या मिनिटांत नाडी ६४ पर्यंत उतरली पाहिजे. पशुवैद्य डाव्या कोपरामागे नळी लावून ठोके मोजतो. ओठ उचलून हिरडी अंगठ्याने दाबतो आणि पांढरी पडलेली जागा किती वेळात गुलाबी होते ते बघतो. खांद्याची कातडी चिमटीत धरून सोडतो. ती सावकाश बसली तर अंगातले पाणी आटले आहे. कुशीला कान देतो, कारण आतडी गप्प असणे हे वाईट लक्षण. शेवटी ढिल्या दोरीवर घोड्याला दुडक्या चालीने पळवतात. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर उडते. शंका आली तर तीन पशुवैद्य आपापले मत गुप्तपणे देतात.

ही पद्धत चांगली आहे, पण ती त्या घटकेपुरते बोलते. वेगाच्या दौडीत हाडाला बारीक चिरा पडत जातात आणि त्या भरून यायला विश्रांती लागते. तोवर घोडा कधी थोडा आखडलेला चालतो, कधी तोबऱ्यातले दाणे तसेच ठेवतो, कधी नुसता मलूल दिसतो. कारण सापडत नाही, म्हणून शेरा ‘लायक’ असा पडतो.

१२ मार्च २०१५ रोजी आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने संयुक्त अरब अमिरातींच्या अश्वक्रीडा संघटनेला निलंबित केले. कारणांत घोड्यांचे हाल होते आणि नियम धाब्यावर बसवणेही होते. त्याच सुमारास आणखी एक आरोप चौकशीला गेला : एका दौडीचे निकाल दुसऱ्या दौडीच्या नावावर चढवले गेले. अस्सल कागदावर विसंबावे, ही शिस्त इतिहासकार राजवाड्यांनी मराठी इतिहासलेखनाला लावली. इथे कागद अस्सल आहे, शिक्का अस्सल आहे, आणि तरीही त्यातला आकडा खऱ्या घोड्याचा आहे की नाही याचीच शंका. मला हा आरोप मोडलेल्या पायांइतकाच गंभीर वाटतो. घोड्याची जबानी म्हणून आपल्या हाती उरतात ते हेच आकडे.

निलंबन जुलैअखेर करार होऊन उठले. पण त्याच वर्षी, त्याच वाळवंटात, वेगळी वाटही निघाली होती. बूथीब येथील दौडींसाठी शेख सुलतान बिन झायेद अल नाहयान यांनी स्वतःचे नियम घातले : वेग ताशी २० किलोमीटरच्या वर नाही, नाडी ६४ नव्हे तर ५६. अमिरातींत विजेते ताशी २५ च्या पुढे धावत असताना हे फारच संथ होते. मला या नियमाचे मोल वाटते ते असे की घोड्याला नेमके काय होते आहे हे कळलेच पाहिजे, असा त्याचा हट्ट नाही. न कळलेल्या दुखण्यालाही तो जागा सोडतो. शंकेचा फायदा घोड्याला मिळतो.

याच्या अगदी उलट टोकाची फाइल फ्रान्समधली आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये फाँतेनब्लोच्या दौडीत अमिरातींच्या एका स्वाराखालच्या ‘कॅसलबार कॉन्ट्राबँड’ या घोड्याच्या पुढच्या पायाची नळी मोडून हाड बाहेर आले. त्याला तिथेच मरण द्यावे लागले. रक्तात झायलाझीन हे गुंगी आणणारे औषध सापडले. पाय बधिर करून घोडा पळवला, असा निष्कर्ष महासंघाच्या न्यायाधिकरणाने काढला आणि २०२० मध्ये स्वाराला २० वर्षांची बंदी सुनावली.

हा निकाल वाचताना मी पुन्हा त्या ढिल्या दोरीपाशी येतो. बधिर पाय टेकताना मान उडत नाही. समोर उभ्या पशुवैद्याला चाल सरळ दिसते. पुढच्या काळात महासंघाच्या तपासणीत गुडघ्याखालचा पाय हाताने चाचपून, त्यात संवेदना शिल्लक आहे का, हे बघणे आले. घोड्याने पाय आखडून घेतला तर बरे. घेतला नाही, तर त्याला पुढे सोडत नाहीत.