कोड 11: जुन्या लिंकनच्या एका दोषाचा कागदोपत्री शोध

1980च्या दशकातली लिंकन टाउन कार ही अमेरिकेतली मानाची गाडी. लांबलचक बोनेट, गुबगुबीत आसने, 5 लिटरचे व्ही-8 इंजिन. अशी गाडी भर उन्हात हमरस्त्यावर अचानक बंद पडते. बाजूला घेऊन थोडा वेळ थांबले, इंजिन निवले, की पहिल्याच किल्लीला चालू होते. गॅरेजमध्ये नेल्यावर तिचा संगणक ‘कोड 11’ देतो, म्हणजे सर्व ठीक. मालक खोटे बोलत नव्हता आणि संगणकही खोटे सांगत नव्हता. मग दोष होता कुठे, आणि तो सापडायला इतकी वर्षे का लागली?

याचे उत्तर चार प्रकारच्या कागदांत विखुरलेले आहे: कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराहून निघालेली चिपची माहितीपुस्तके, फोर्ड कंपनीची दुरुस्ती-पुस्तके, कॅलिफोर्नियाचे प्रदूषणविषयक नियम आणि तपासणीपत्रे, आणि शेजारच्या अलामेडा काउंटीच्या सुपीरियर कोर्टाचा 2000 सालचा आदेश. यातला एकही कागद एकटा पुरत नाही. चारही एकमेकांशेजारी ठेवले, की दोषाची वाट स्पष्ट दिसते.

सुरुवात चिपपासून करू. लिंकन हा फोर्डचा महागडा ब्रँड. इंजिनाचा ताबा संगणकाकडे देण्याचा फोर्डचा पहिला प्रयोग 1978च्या लिंकन व्हर्सायमध्ये झाला. त्या यंत्रणेचे नाव ‘ईईसी-1’, आणि तिच्यात तोशिबाचा 12 बिटांचा प्रोसेसर होता. पुढच्या काही वर्षांत तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. 1983च्या सुमारास ‘ईईसी-4’ आली, तेव्हा तिच्या केंद्रस्थानी इंटेलची 8061 ही चिप होती. 1968 मध्ये माउंटन व्ह्यूमध्ये स्थापन झालेली इंटेल 1970च्या दशकाच्या आरंभी सांता क्लाराला आली होती. 8061 फोर्डसाठीच बनवलेली होती. तिचे सर्वांना विकत मिळणारे भावंड म्हणजे 8096. या 8096च्या माहितीपुस्तकांवर ‘3065 बॉवर्स अ‍ॅव्हेन्यू, सांता क्लारा’ हा पत्ता छापलेला असे.

दोन्ही चिप तंतोतंत सारख्या नाहीत, त्यामुळे एकीच्या पुस्तकावरून दुसरीबद्दल जपून बोलावे लागते. मूळ रचना मात्र एकच आहे: 16 बिटांचे गणित, बाहेरून येणाऱ्या स्पंदांची वेळ अतिशय बारकाईने टिपणारी प्रवेशद्वारे, ठरल्या क्षणी स्पंद बाहेर सोडणारी व्यवस्था, आणि व्होल्टेजचे 10 बिटांच्या आकड्यात रूपांतर करणारा भाग. म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या, पाण्याचे तापमान, आत येणाऱ्या हवेचे तापमान, थ्रॉटलची उघडझाप, धुरातला प्राणवायू हे सगळे तिला कळे. पण कळे ते तिच्यापर्यंत तारेने पोहोचलेलेच. ज्या भागावर सेन्सर नाही, त्या भागाचे दुखणे तिच्यासाठी अस्तित्वातच नव्हते.

आता दुरुस्ती-पुस्तक उघडू. ईईसी-4 असलेल्या गाडीची तपासणी कशी करायची, याचा क्रम त्यात ठरवून दिलेला आहे. आधी डोळ्यांनी पाहणी: निखळलेल्या नळ्या, गंजलेले जोड, खरचटलेल्या तारा. मग इंजिन बंद ठेवून किल्ली चालू, आणि पहिली चाचणी. त्यानंतर इंजिन चालू ठेवून दुसरी. महागडे यंत्र नसले तरी अडत नसे. चाचणीच्या जोडात एक तार घालायची, काट्याचा व्होल्टमीटर लावायचा आणि काटा किती वेळा उडतो ते मोजायचे. एकदा उडाला, दोन सेकंद थांबला, पुन्हा एकदा उडाला, की तो कोड 11. चालू इंजिनाच्या चाचणीत संगणक आधी आपली ओळख देतो: चार सिलिंडरांना दोन उड्या, सहांना तीन, आठांना चार. कोड 21 पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरबद्दल, 23 थ्रॉटलच्या सेन्सरबद्दल, 41 म्हणजे ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ दिसते आहे. कोड म्हणजे निदान नव्हे, हेही पुस्तकातून उघड होते. प्रत्येक कोडपुढे तपासणीची स्वतंत्र वाट दिलेली आहे. संगणकाच्या 60 पिनांच्या जोडावर चाचणी-पेटी लावून एकेका तारेचे व्होल्टेज मोजत ती चालायची असते. 41 दिसला म्हणून लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलणारा मेकॅनिक पुस्तक न वाचता काम करत होता, कारण हवेची गळती किंवा पेट्रोलचा कमी दाबही तोच कोड देतो.

अधूनमधून येणाऱ्या दोषांसाठी या यंत्रणेत बॅटरीवर जिवंत राहणारी स्मृती होती. दोष येऊन गेला तरी तिच्यात खूण उरे. मात्र बॅटरीची तार काढली की ती स्मृती पुसली जाई, आणि बरेच दिवस दोष पुन्हा आला नाही तरीही खूण जाई. घाईने बॅटरी सोडवणाऱ्याच्या हातून पुरावाच नष्ट होत असे.

बंद पडणाऱ्या लिंकनचा धागा याच पुस्तकातल्या इग्निशनच्या प्रकरणात सापडतो. आपल्याकडच्या गॅरेजात ज्याला डेल्को म्हणतात, त्या डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरच फोर्डने एक छोटे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल स्क्रूने बसवले होते. त्याचे नाव टीएफआय, म्हणजे थिक फिल्म इग्निशन. डिस्ट्रिब्युटरमधला सेन्सर इंजिनाच्या स्थितीचा स्पंद संगणकाकडे पाठवतो, संगणक ठिणगीची योग्य वेळ काढून परत स्पंद देतो, आणि मॉड्यूल त्याप्रमाणे कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडते. मॉड्यूलची जागा इंजिनाला खेटून असल्याने इंजिनाची धग थेट त्याच्यात उतरे. वाहनांतल्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठी 125 अंश सेल्सिअस ही रूढ मर्यादा आहे. अशा मॉड्यूलमध्ये चिनी मातीची पट्टी, डाख आणि बारीक तारा तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. हजारो वेळा तापून निवल्यावर एखादा जोड थकतो. मग तो गरम असताना सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकतो.

इथे तक्रार आणि पुस्तक यांचा मेळ बसतो. संगणक पाण्याचे आणि हवेचे तापमान मोजत होता, मॉड्यूलचे नव्हे. स्पंदांची गडबड त्याच्या नजरेत आली, तर कोड 14 किंवा 18 उमटू शके. पण गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत मॉड्यूल निवलेले असे, त्यामुळे त्या क्षणीची चाचणी निर्दोष निघे. म्हणूनच जाणता मेकॅनिक चाचणी थंड गाडीवर संपवत नसे. तो गाडी तापेपर्यंत चालवून पाही, आणि बंद पडली त्याच क्षणी ठिणगी आहे की नाही ते तपासे. मॉड्यूल काढायला 5.5 मिलिमीटरचा पातळ भिंतीचा खोल सॉकेट लागतो. नवे बसवताना पाठीला उष्णता वाहून नेणारे ग्रीस लावायचे असते. ते विसरले, तर नवे मॉड्यूलही जुन्याच वाटेने जाते.

तिसरा कागद राज्य सरकारचा. कॅलिफोर्नियाच्या वायू संसाधन मंडळाने 1985 मध्ये नियम केला, की 1988च्या मॉडेलपासून गाडीच्या संगणकाने प्रदूषणाशी संबंधित भागांवर स्वतः लक्ष ठेवावे आणि बिघाड झाल्यास दिवा लावावा. त्याची पुढची, अधिक कडक आवृत्ती 1994 ते 1996 दरम्यान लागू झाली. तिच्यात ठिणगी चुकल्याची दखल घेणे सक्तीचे झाले, आणि बिघाडाच्या क्षणी इंजिनाच्या फेऱ्या व पाण्याचे तापमान काय होते हेही साठवले जाऊ लागले. मागच्या पिढीच्या लिंकनमध्ये हीच नोंद नव्हती. याशिवाय 1984 पासून राज्यात स्मॉग चेक ही गाडीच्या धुराची तपासणी सुरू आहे. 1976 आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना त्यातून जावे लागते. सांता क्लारा काउंटीतल्या जुन्या लिंकनचीही ही तपासणी ठरावीक काळाने होत आली आहे. तपासणीपत्रात न जळलेल्या हायड्रोकार्बनचा आकडा वाढलेला दिसला, तर ठिणगी चुकत असल्याची ती महत्त्वाची खूण ठरते. राज्याच्या वाहन-दुरुस्ती विभागाकडे हा इतिहास गाडीच्या नंबरावरून पाहता येतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने आधी हा कागद मागावा.

चौथा कागद सर्वांत वजनदार. 1983 ते 1995 या काळातल्या फोर्डच्या अनेक मॉडेलांच्या मालकांनी अलामेडा काउंटीत सामूहिक दावा चालवला. ऑक्टोबर 2000 मध्ये न्यायाधीश मायकेल बॅलाची यांनी निष्कर्ष काढला, की मॉड्यूल उष्णतेत निकामी होते हे कंपनीला ठाऊक होते, आणि तिने ही माहिती ग्राहकांपासून व केंद्रीय सुरक्षा यंत्रणेपासून दडवली. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सुमारे 17 लाख गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला. अमेरिकेत न्यायाधीशाने असा आदेश देण्याची ही पहिलीच वेळ, अशी नोंद त्या वेळच्या बातम्यांत आहे. फोर्डची बाजूही तितक्याच स्पष्टपणे नोंदवायला हवी. आपल्या गाड्या इतरांपेक्षा अधिक बंद पडत नाहीत आणि मॉड्यूल सुरक्षेला धोकादायक नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. 2001 मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले आणि मॉड्यूल बदलल्याचा खर्च भरून देण्याची तरतूद झाली. तडजोडीमुळे न्यायाधीशांच्या निष्कर्षावर वरच्या न्यायालयाची मोहोर उमटलेली नाही, हे इतिहास लिहिताना ध्यानात ठेवले पाहिजे.

यंत्राने आपल्या परीने साक्ष दिली होती, पण मॉड्यूलच्या धगीबद्दल त्याला कोणी विचारलेच नव्हते. विचारले ते मालकांनी, आणि पुन्हापुन्हा तेच मॉड्यूल बदलणाऱ्या मेकॅनिकांनी. एकेक बिल हाती घेतले तर ती निव्वळ किरकोळ दुरुस्ती. अशी हजारो बिले एकत्र आली, की त्यांतून दोषाचा आकार दिसतो. पुढे फोर्डने मॉड्यूलची जागा बदललीच: काही इंजिनांत ते डिस्ट्रिब्युटरपासून दूर नेले, आणि 1991च्या टाउन कारमध्ये नवे 4.6 लिटरचे इंजिन डिस्ट्रिब्युटरशिवायच आले.

भारतातही 2010 पासून पहिल्या आणि 2013 पासून दुसऱ्या टप्प्याची स्वयंनिदान यंत्रणा चारचाकींना सक्तीची झाली. आज पुण्यातल्या कोपऱ्यावरच्या गॅरेजातही स्कॅनर असतो. त्याने दिलेला कोड जरूर पाहावा, पण तो दोषाचे नाव नसून शोधाची सुरुवात आहे, हे लिंकनच्या कागदांनी सिद्ध केले आहे. म्हणून वाचकांना एकच विनंती: गाडी कुठे, कोणत्या हवेत, किती वेळ चालल्यावर बंद पडली ते लिहून ठेवा. बॅटरी सोडवण्याआधी कोड टिपून घ्या. आणि दुरुस्तीची बिले, कितीही क्षुल्लक वाटली तरी, फेकू नका.