मोठ्यांचा खेळ : वारीतली फुगडी ते मंगळागौर

मागच्या वेळी आपण मुलांच्या खेळांविषयी बोललो. आज मोठ्यांच्या खेळाविषयी बोलू. ‘मोठ्यांना कुठला आलाय खेळ?’ असं कुणाच्या मनात आलं असेल, तर आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

आषाढी वारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी हे दृश्य नक्की पाहिलं असेल. विसाव्याला साठी उलटलेले दोन शेतकरी एकमेकांचे हात धरतात, पाय जुळवतात आणि गरगर फुगडी घालू लागतात. एकाची टोपी पडते, दुसरा कुणी ती उचलून ठेवतो. बघणारे हसतात, पण त्या दोघांना कुणी हसत नाही. हीच माणसं गावात चावडीसमोर फुगडी घालतील का? नाही. वारीत मात्र चालतं. रिंगणात घोडा धावतो आणि टाळकरी उड्या मारतात, तेही चालतं.

ही परवानगी जुनी आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी आणि सतराव्या शतकात तुकारामांनी फुगडीसारख्या खेळांवर रचना केल्या. परमार्थ सांगायला त्यांनी अंगणातला खेळ घेतला. ऐकणारे प्रपंचात बुडालेले बाप्ये आणि बाया होते. खेळ हा पोरकटपणा मानला जात असता, तर संतांनी भक्तीसाठी त्याचाच दाखला कशाला दिला असता? आणि फुगडी तरी कशी असते बघा. दोघांनीही मागे रेलावं लागतं. पकड सुटली तर दोघंही पडतात. तिथे पाटील आणि मजूर असा भेद करून चालत नाही.

आता घरात येऊ. श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहितेची मंगळागौर. लग्नानंतर पाच वर्षं ती पुजायची आणि रात्र खेळून जागवायची. झिम्मा, पिंगा, कोंबडा, लाटण्याची फुगडी, सूप नाचवणं. या प्रथेचं आपण कौतुक करतो, आणि करावंच. पण इतिहास वाचताना एक गोष्ट विसरू नये : ही ‘नवविवाहिता’ किती वर्षांची होती? रमाबाई रानड्यांचं लग्न 1873 मध्ये झालं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. 1891 च्या कायद्यानं मुलींचं संमतिवय 10 वरून 12 वर नेलं, तर केवढा गदारोळ झाला! मुलींच्या लग्नाचं किमान वय 14 करणारा शारदा कायदा आला तो 1929 मध्ये. म्हणजे दिवसभर डोक्यावर पदर घेऊन वावरणाऱ्या एका लहान मुलीला मंगळागौर ही तिचंच बालपण एका रात्रीपुरतं परत द्यायची. आणि तीही सवाष्ण असेल तर. जी बालवयात विधवा झाली, तिच्या वाट्याला हा फेर नव्हता. शेजारच्या खोलीत बसून तिनं झिम्म्याच्या टाळ्या ऐकल्या असतील, तर त्या कशा ऐकल्या असतील?

तरीही त्या रात्रीत काहीतरी मोलाचं होतं. नव्या सुनेबरोबर चाळिशी-पन्नाशीच्या बायकाही पदर खोचून उतरायच्या. ‘सासू-सून’ नावाच्या खेळात सून सासूला तोंडावर उत्तर द्यायची. एरवी जे बोलणं उद्धटपणा ठरलं असतं, ते त्या रात्री खेळ ठरायचं. सकाळी सासू सासूच असे. पण आदल्या रात्री ती दमून, हसून जमिनीवर बसली होती, हे सुनेनं पाहिलेलं असे.

खेळणाऱ्या मोठ्यांचा आणखी एक दाखला शेजारच्या गुजरातेतला. गिजुभाई बधेका मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर ते बालशिक्षणाकडे वळले, आणि 1920 मध्ये भावनगरला त्यांनी बालमंदिर सुरू केलं. मुलांना गोष्टी सांगणारे, त्यांच्याबरोबर नाटकं करणारे गिजुभाई ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, म्हणून ओळखले गेले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी आणि कोसबाडला तेच काम मराठीत रुजवलं. पुरुषाला ‘आई’ ही पदवी मिळाली, ती मुलांबरोबर जमिनीवर बसल्यामुळे.

मग आज आपलं काय झालं? मंगळागौर आता स्टेजवर असते, साड्या एकसारख्या असतात, परीक्षक असतात. तेही बरंच आहे, बायका खेळताहेत. पण घरातले आई-बाप? आपण मुलाला खेळाच्या क्लासला सोडतो आणि बाहेर मोबाइल बघत बसतो. जुन्या लोकांना खेळायची सवड तरी रूढीनं ठरवून दिली होती. अमुक वार, अमुक वाट. आपल्याला रूढीनं कुणी अडवलेलं नाही, वयानं नाही, कपाळावरच्या कुंकवानंही नाही. सवड मात्र आपली आपणच काढायची आहे.

म्हणून प्रश्नोत्तरांकडे वळण्याआधी आम्हीच एक विचारतो. तुमच्या मुलानं तुम्हाला शेवटचं खेळताना कधी पाहिलं? शिकवताना नाही, जिंकू देताना नाही. खरोखर खेळताना, दमून, हसत खाली बसताना? उत्तर इथे नका देऊ. घरी जाऊन त्यालाच विचारा.