चुकलेला आकडा

कचेरीत उमेदवारी करीत असता आम्हांस पहिला धडा मिळाला तो असा: आकडा चुकल्यास तो खरवडून त्या जागी दुसरा लिहू नये. चुकीवर एक रेघ मारावी, शेजारी बरोबर आकडा लिहावा आणि खाली आपली आद्याक्षरे करावीत. चुकीची लाज नाही, चूक झाकण्याची आहे, असे आमच्या विभागातील एक वृद्ध गृहस्थ म्हणत. या धड्याचा खरा अर्थ आम्हांस पुष्कळ वर्षांनी, आणि तोही एका जुन्या रिव्हॉल्वरमुळे उमगला.

आम्ही नोकरीनिमित्त ज्या शहरी राहतो तेथील महाराष्ट्र मंडळातील एक सभासद एके दिवशी चिंतातुर मुद्रेने आमच्याकडे आले. त्यांच्या दिवंगत वडिलांचे एक विलायती रिव्हॉल्वर होते. परवान्यात क्रमांकाचा शेवटचा आकडा ३ असा होता. शस्त्रावर पाहू जाता तो कधी ३ वाटे, कधी ८. कोणा हितचिंतकाने त्यांना सल्ला दिला होता, की एखाद्या कारागिराकडून तो आकडा थोडा कोरून घ्या, म्हणजे झाले! आम्ही त्यांस १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे आठवे कलम दाखविले. शस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखीची खूण पुसणे, बदलणे अथवा बनावट करणे हा गुन्हा आहे. मग परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे भिंग आणले गेले. आकडा ८ च होता. त्याची डावी बाजू कारखान्यातच फिकी उमटली होती. फिरत्या नळकांड्यावर तोच क्रमांक स्वच्छ उमटलेला सापडला आणि परवान्यातील नोंद रीतसर दुरुस्त झाली. एका तिरक्या पडलेल्या घावाने एका सज्जन कुटुंबास चार महिने झोप येऊ दिली नव्हती.

त्या दिवसापासून लोखंडावरील अक्षरांविषयी आमच्या मनात कुतूहल जागे झाले. शोध घेता कळले, की अमेरिकेत अशाच चुकलेल्या खुणांची रिव्हॉल्वरे संग्राहक हौसेने जमवितात आणि त्यांपैकी काहींस निर्दोष नगापेक्षा अधिक मोल देतात. चुकीला मोल का यावे? आणि कोणत्या चुकीला?

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की चूक भासणारी प्रत्येक गोष्ट चूक नसते. सॅम्युअल कोल्टचा पॅटरसन येथील पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. १८४७ साली कॅप्टन सॅम्युअल वॉकर याच्या प्रयत्नाने सरकारची एक हजार रिव्हॉल्वरांची मागणी आली, तेव्हा कोल्टपाशी स्वतःचा कारखानाच उरला नव्हता. ती शस्त्रे त्याने व्हिटनीव्हिल येथे दुसऱ्याच्या कारखान्यात करविली. सैन्याच्या ए, बी, सी, डी, ई अशा तुकड्यांप्रमाणे त्यांवर खुणा घातल्या आणि प्रत्येक तुकडीचा क्रमांक पुन्हा १ पासून सुरू केला. त्यामुळे एकच आकडा अनेक नगांवर आढळतो. अजाण मनुष्यास तो घोटाळा वाटावा, परंतु ती त्या काळची शिस्त होती. पुढे हार्टफर्ड येथे तयार झालेल्या कित्येक रिव्हॉल्वरांच्या नळीवर कोल्टने न्यूयॉर्कचा पत्ता घातला. ही चूक नव्हे, व्यापाऱ्याची मिरवण्याची हौस होय.

खरी चूक ओळखावयाची तर खूण उमटते कशी हे जाणले पाहिजे. नळीवरील मजकूर एका कठीण पोलादी रुळावर उलटा कोरलेला असतो आणि तो रूळ दाबाखाली नळीवरून फिरवितात. रूळ घसरला तर ओळ दुहेरी दिसते. दाब एका बाजूस कमी पडला तर अर्धी अक्षरे बुजतात. कोल्टच्या नळकांड्यांवरील चित्रेही अशाच रुळाने उमटविलेली असून ती ऑर्म्सबी नावाच्या, बँकनोटांचे ठसे कोरणाऱ्या कारागिराची आहेत. क्रमांकाचे आकडे मात्र सुटे असत आणि ते हातोडीच्या घावाने एकेक करून ठोकीत. तेथे आकडा उलटा पडणे, मागेपुढे होणे, एकावर एक बसणे सहज शक्य होते.

या माहितीवरून जाणते लोक मोठा मार्मिक निर्णय करितात. सबंध ओळ एकाच रुळावर कोरलेली असेल, तर त्यातील अशुद्ध शब्द त्या रुळाखालून गेलेल्या प्रत्येक नळीवर उमटला पाहिजे. तो एकाच नगावर आढळला, तर संशय घ्यावा, की कोणी मागाहून सुट्या अक्षरांनी तो ठोकला. शिवाय कारखान्यात खूण उमटविल्यावर मगच धातूवर निळसर झिलई चढवीत. म्हणून अस्सल अक्षराच्या खाचेतही ती झिलई असते. मागाहून मारलेल्या ठशाभोवती झिलई दुभंगते आणि धातूच्या कडा वर येतात. म्हणजे ज्या चुकीची उत्पत्ती सांगता येते तिलाच मोल. जी कशी घडली हे कारखान्याच्या रीतीवरून सांगता येत नाही, ती लबाडी.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्वराचे आहे. अमेरिकी घोडदळास दिलेल्या या शस्त्राची नळी साडेसात इंच लांब होती आणि त्याच्या अनेक भागांवर एकच क्रमांक असे. १८९२ मध्ये सैन्याने लहान तोंडाचे नवे रिव्हॉल्वर स्वीकारले, तथापि जुनी शस्त्रे टाकून दिली नाहीत. १८९५ पासून त्यांच्या नळ्या कापून साडेपाच इंचांच्या करण्यात आल्या. दुरुस्तीच्या वेळी शस्त्रे उकलून सुटे भाग ढिगांत पडत आणि पुन्हा जोडताना कोणता भाग कोणाचा हे कोणी पाहत नसे. परिणामी ‘आर्टिलरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नगांपैकी बहुतेकांत सांगाड्यावर एक क्रमांक, नळकांड्यावर दुसरा आणि मुठीजवळ तिसराच आढळतो.

अन्यत्र क्रमांक न जुळणे हे वैगुण्य समजतात व त्यायोगे किंमत घसरते. येथे मात्र न जुळणे हीच सचोटीची खूण! कोणी नीटनेटकेपणाच्या मोहाने जुने आकडे घासून सर्व भागांवर एकच क्रमांक घातला, तर त्याने शस्त्र सुधारले नाही, त्याची साक्ष पुसली. चुकलेला आकडा खरा आणि जुळविलेला आकडा खोटा, असा हा उलटा न्याय आहे.

याच्या दुसऱ्या टोकास पेशावर व कोहाट यांमधील दर्रा आदमखेल हे गाव. तेथील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हातहत्यारांनी विलायती बंदुका व रिव्हॉल्वरे यांच्या नकला करीत आले. हात असा कुशल, की यंत्र चकित व्हावे; परंतु इंग्रजी अक्षर त्यांस केवळ आकृती. म्हणून कारखान्याच्या नावात ‘एन’ हे अक्षर उलटे पडते, कोठे अक्षर गळते. ही चूक कारखान्याची नव्हे, नकलकाराची. तिने नगाची किंमत वाढत नाही, त्याचे कूळ तेवढे उघडे पडते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्या ताडून पाहणाऱ्या पंडितांनी समान पाठभेदांवरूनच पोथ्यांची कुळे लावली. लोखंडाची पोथीही याच रीतीने वाचावी लागते.

आणि मोल तरी अखेर कशाचे? २०१८ साली वॉकर नमुन्याचे एक रिव्हॉल्वर मूळ पेटीसह अठरा लक्ष डॉलरांहून अधिक किमतीस गेले. २०२१ मध्ये पॅट गॅरेटने बिली द किड यास ज्याने मारले ते कोल्ट लिलावात साठ लक्ष डॉलरांवर गेले. पोलाद तर दोहोंतही शेर-दोन शेरच. पैसा पडला तो शाबीत झालेल्या पूर्ववृत्तासाठी. ४ फेब्रुवारी १८६४ रोजी हार्टफर्डचा कारखाना जळाला, त्यात जुन्या नोंदी भस्मसात झाल्या. त्यापूर्वीच्या कित्येक शस्त्रांस आता त्यांच्या अंगावरील खुणांवाचून दुसरा साक्षीदार नाही. अशा वेळी वाकडा पडलेला आकडादेखील दप्तरातील पानाइतका मोलाचा होतो.

आमचे मंडळातील स्नेही आता निर्धास्त आहेत. तो अर्धवट ८ त्यांनी तसाच राहू दिला आहे. शंभर वर्षांपूर्वी कोण्या परदेशी कामगाराचा हात त्या घावास किंचित कलला. त्याचे नाव कोणत्याही वहीत नसेल, पण तो तेथे होता याचा एवढाच पुरावा उरला आहे. वडिलांच्या हातची वस्तू म्हणून त्यांस ते शस्त्र प्रिय होते. आता त्यात आणखी एका हाताची भर पडली आहे. आम्हीही हल्ली आमच्या जुन्या नोंदवहीत रेघ मारलेला आकडा आणि त्याखालची आद्याक्षरे दिसली, की पान घाईने उलटीत नाही. मूळ आकडा रेघेखाली अजून वाचता येतो.